मोबाइलमधील फोटो : आधी आवक, मग आवराआवर

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांमध्ये मोबाइलमधील फोटोंविषयीची पत्रे इतकी होती की, या वेळी अन्य विषय बाजूला ठेवून तेवढ्याच प्रश्नांना जागा द्यावी असे ठरवले. कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेली सहा पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत आणि मजकूर जागेअभावी थोडा आटोपता केला आहे. प्रत्येकाची अडचण निराळी असली, तरी घोटाळा बहुधा एकाच ठिकाणी होतो. लोक आधी फोटो लावायला बसतात, जागा पुरेना म्हणून मग घाईने पुसतात आणि पुसून झाल्यावर दुसरी प्रत कोठे होती याची चौकशी करतात. क्रम नेमका उलटा हवा. नको असलेली आवक आधी बंद करावी, जे ठेवायचे त्याची दुसरी प्रत करावी, त्यानंतर पुसावे आणि लावण्याचे काम सर्वांत शेवटी घ्यावे.

प्रश्न : माझ्या फोनची क्षमता १२८ जीबी असून ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश सतत येतो. गॅलरीत सुमारे २७ हजार फोटो आहेत. जोतिबाच्या यात्रेतले, मुलीच्या साखरपुड्याचे, दुकानाच्या बिलांचे आणि रोज येणाऱ्या शुभेच्छांचे असे सगळे एकत्र झाले आहेत. वर्षवार आणि प्रसंगवार फोल्डर करून सर्व फोटो नीट लावावेत असा विचार आहे. सुरुवात कोठून करावी?
— एक व्यापारी, राजारामपुरी

उत्तर : फोल्डरपासून मुळीच करू नये. २७ हजार फोटोंपैकी प्रत्येकावर केवळ पाच सेकंद घालवले, तरी ३७ तासांहून अधिक वेळ लागेल आणि तेवढ्या काळात नवे फोटो येतच राहतील. दुकान सांभाळून हे काम पुरे होत नाही. दोन-तीन वर्षांचे फोल्डर होईपर्यंत उत्साह ओसरतो आणि अर्धे फोटो फोल्डरात, अर्धे बाहेर अशी पूर्वीपेक्षा वाईट अवस्था होते.

शुभेच्छाचित्रांचा उल्लेख तुम्ही यादीत शेवटी केला आहे. काम मात्र तेथूनच सुरू करायचे आहे. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ या भागात ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’ असा पर्याय आहे. त्यात मोबाइल डेटा, वाय-फाय आणि रोमिंग अशा तीन ओळी दिसतील. तिन्हींमधील फोटो व व्हिडिओपुढच्या खुणा काढून टाकाव्यात. त्यानंतर आलेला फोटो अंधूक दिसतो आणि त्यावर बोट टेकवल्यावरच फोनमध्ये उतरतो. तालमीचा गट, मंडळाचा गट, वर्गमित्रांचा गट, व्यापाऱ्यांचा गट यांत दिवसाकाठी जे येते, त्यातले आपण उघडून पाहतो फार थोडे; परंतु ही खूण चालू असेल तोवर न पाहिलेलेही सगळे फोनमध्ये मुक्कामाला येते. दुसरा पर्याय ‘चॅट्स’ या भागातील ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ हा होय. तो बंद केला की, नव्याने उतरलेले फोटो व्हॉट्सॲपमध्येच राहतात, गॅलरीत शिरत नाहीत. घरच्या मंडळींच्या गटाचे फोटो गॅलरीत हवे असतील, तर त्या गटाच्या माहितीच्या पानावर जाऊन तेवढ्यापुरता हा पर्याय चालू ठेवता येतो. पूर्वी उतरलेल्या फोटोंवर मात्र या बदलाचा परिणाम होत नाही, म्हणून ‘बंद केले तरी जुने दिसतातच’ असे वाटून तो पुन्हा चालू करू नये.

आवक थांबल्यावर जागेकडे वळावे, आणि जागा फोटो खातात त्यापेक्षा व्हिडिओ अधिक खातात हे येथे ध्यानात घ्यावे. साधारण १२ मेगापिक्सेलचा एक फोटो तीन ते पाच एमबीचा असतो. नेहमीच्या १०८० दर्जाचा एक मिनिटाचा व्हिडिओ ६० ते १३० एमबीचा आणि फोर-के दर्जाचा असेल तर १७० एमबीपासून ३५० एमबीपर्यंतचा होतो. साखरपुड्यात कोणीतरी खिशात फोन ठेवताना चालू राहिलेले पाच मिनिटांचे अंधारे चित्रण पुसले, तर शंभरेक फोटोंची जागा एका फटक्यात मोकळी होते. यासाठी व्हॉट्सॲपमधील ‘स्टोरेज अँड डेटा’ येथेच ‘मॅनेज स्टोरेज’ उघडावे. पाच एमबीपेक्षा मोठ्या फाइली आणि अनेकदा पुढे ढकललेल्या फाइली असे दोन वेगळे ढीग तेथे तयारच मिळतात, शिवाय कोणत्या गटाने किती जागा व्यापली आहे हेही उतरत्या क्रमाने दिसते. ‘अनेकदा पुढे ढकललेले’ हा ढीग पाहण्याचीही गरज नाही. सबंध निवडून पुसावा.

तिसरा ढीग स्क्रीनशॉटचा. यूपीआयने पैसे दिल्याची पावती म्हणून काढलेले स्क्रीनशॉट व्यापाऱ्यांच्या फोनमध्ये विशेष साठतात. तो व्यवहार त्या ॲपच्या इतिहासात आणि बँकेच्या खातेउताऱ्यात नोंदलेला असतो, त्यामुळे हिशेब जुळल्यावर स्क्रीनशॉट ठेवण्याचे कारण उरत नाही. बिलांचे तसे नाही. खरेदीच्या बिलाचा फोटो ही कदाचित तुमच्याकडील एकमेव प्रत असेल. ती बिले निवडून एका वेगळ्या अल्बममध्ये काढावीत आणि शक्यतो फोनच्या स्कॅनर सुविधेने त्यांच्या पीडीएफ फाइली करून संगणकावर महिन्यानुसार ठेवाव्यात, कारण हिशेबनीसाला गॅलरीतून एकेक चित्र पाठवण्यात दोघांचाही वेळ जातो.

एवढे झाल्यावर जे उरेल ते खरे फोटो. त्यांत एकाच क्षणाचे आठ-दहा फोटो असतात, कारण कोणाचे डोळे मिटतील या धास्तीने आपण पुन्हा पुन्हा बटण दाबतो. त्यांतील एक किंवा दोन ठेवावेत. ही निवड सर्वांत जुन्या वर्षापासून सुरू करण्याचा मोह टाळून अगदी अलीकडच्या महिन्यापासून मागे जावे, असे माझे मत आहे. गेल्या महिन्यातील दहा फोटोंपैकी कोणता कामाचा हे आपल्याला चटकन कळते. दहा वर्षांपूर्वीच्या फोटोपाशी मन रेंगाळते आणि हात चालत नाही.

मग फोल्डर? फोटो काढल्याची तारीख फोन स्वतःच नोंदवतो, कॅमेऱ्याला ठिकाण नोंदवण्याची परवानगी दिली असेल तर पन्हाळ्याचे फोटो पन्हाळा या नावाने शोधता येतात आणि चेहऱ्यांचे गट करण्याची सोय गूगल फोटोज व आयफोन या दोन्हींत आहे. गटाला एकदा नाव दिले की, त्या व्यक्तीचे फोटो एकत्र मिळतात. बहीण-भावंडांच्या चेहऱ्यांत ही यंत्रणा गोंधळते, तेवढी दुरुस्ती हाताने करावी लागते. वर्ष, ठिकाण आणि माणूस हे तिन्ही असे आपोआप सापडत असताना त्याच आधारावर फोल्डर करणे म्हणजे केलेलेच काम पुन्हा करणे. फोनला कळत नाही तो प्रसंग आणि त्याचे महत्त्व. म्हणून ‘साखरपुडा’, ‘दुकानाची बिले’, ‘छापून घ्यायचे’ असे मोजके अल्बम पुरेत. काही कंपन्यांच्या गॅलरीत अल्बममध्ये फोटो टाकताना ‘कॉपी’ की ‘मूव्ह’ असे विचारले जाते. तेथे ‘कॉपी’ निवडल्यास फोटो दोनदा साठतो आणि वाचवलेली जागा पुन्हा जाते.

प्रश्न : माझ्या नातीने फोनमध्ये जागा व्हावी म्हणून गूगल फोटोजमधील ‘फ्री अप स्पेस’ वापरायला सांगितले आहे. शेजारचे गृहस्थ म्हणतात की, गूगल फोटोजमधून पुसले की सगळीकडून जाते, त्यामुळे हात लावू नका. कोणाचे ऐकावे? माझ्याकडे कै. यजमानांचे शेवटच्या काही वर्षांतील फोटो आहेत आणि त्यांतील एकही गमावण्याची माझी तयारी नाही.
— निवृत्त शिक्षिका, मंगळवार पेठ

उत्तर : दोघांचेही म्हणणे बरोबर आहे, कारण दोघे दोन वेगळ्या गोष्टींविषयी बोलत आहेत. ‘फ्री अप स्पेस’ या सुविधेने ज्या फोटोंची प्रत आपल्या गूगल खात्यात पोहोचली आहे, त्यांचीच फोनमधील प्रत काढली जाते. फोटो त्यानंतरही गूगल फोटोजमध्ये दिसतो. फोनच्या गॅलरीत मात्र दिसत नाही आणि इंटरनेट नसेल तर पूर्ण स्पष्टतेने उघडत नाही. याउलट गूगल फोटोजमध्ये फोटो उघडून कचरापेटीचे चिन्ह दाबले, तर खात्यातील आणि फोनमधील अशा दोन्ही प्रती जातात. त्या लगेच नष्ट होत नाहीत. खात्यात प्रत असलेला फोटो ‘बिन’मध्ये ६० दिवस राहतो आणि प्रत नसलेला ३० दिवस, तेवढ्या अवधीत तो परत आणता येतो. एखादा फोटो केवळ फोनमधून काढायचा असेल, तर त्याच्या मेनूमध्ये ‘डिलीट फ्रॉम डिव्हाइस’ असा स्वतंत्र पर्याय असतो.

अल्बमविषयीही आपल्या पिढीत हाच संभ्रम आढळतो, म्हणून येथेच सांगतो. गूगल फोटोजमधील अल्बम हा शाळेतील खेळाडूंच्या यादीसारखा आहे. विद्यार्थ्याचे नाव वर्गाच्या हजेरीपटावर असते आणि कबड्डीच्या संघाच्या यादीतही असते, पण विद्यार्थी एकच. संघाच्या यादीतून नाव काढले, तरी तो शाळेत राहतो. शाळेतूनच नाव कमी केले, तर दोन्ही याद्यांतून जातो. अल्बममधून ‘रिमूव्ह’ आणि मूळ फोटो ‘डिलीट’ यांत तेवढा फरक आहे.

आपण ‘फ्री अप स्पेस’ दाबण्यापूर्वी मात्र तीन गोष्टी नातीला समोर बसवून पाहून घ्याव्यात. पहिली, बॅकअप, म्हणजे खात्यात जाणारी प्रत, कोणत्या फोल्डरांचा होतो आहे. गूगल फोटोज सामान्यतः कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंचीच प्रत घेतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंचे फोल्डर बॅकअपच्या सेटिंग्जमध्ये वेगळे चालू करावे लागते. यजमानांचे पुष्कळ फोटो नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले असण्याची शक्यता आहे आणि नेमके तेच खात्यात पोहोचलेले नसतील. दुसरी गोष्ट दर्जाची. ‘स्टोरेज सेव्हर’ हा पर्याय निवडलेला असेल, तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो आणि १०८० पेक्षा वरच्या दर्जाचे व्हिडिओ लहान करून साठवले जातात. अशा वेळी फोनमधील प्रत काढली की, मूळ दर्जाची प्रत कोठेच उरत नाही. यजमानांच्या फोटोंसाठी ‘ओरिजिनल क्वालिटी’ निवडावी. तिसरी गोष्ट जागेची. गूगलची विनामूल्य जागा १५ जीबी असून ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज यांच्यात मिळून आहे. १ जून २०२१ पूर्वी कमी दर्जाने चढवलेले फोटो त्यात धरले जात नाहीत, त्यानंतरचे सर्व धरले जातात. ती भरली की बॅकअप मुकाट्याने थांबतो, जीमेलवर पत्रे येणेही थांबते, आणि फोनच्या पडद्यावर आलेली सूचना आपण जाहिरात समजून बाजूला सारलेली असते.

खात्री करण्याचा साधा उपाय असा की, नातीच्या संगणकावर आपल्या खात्याने गूगल फोटोजचे संकेतस्थळ उघडावे आणि यजमानांचे दहा-बारा वेगवेगळ्या काळांतले फोटो तेथे शोधावेत. फोनमध्ये दिसतात म्हणजे खात्यात आहेत असे नव्हे. संगणकावर दिसले तर ते निश्चितपणे खात्यात आहेत. एवढे होऊनही एक प्रत हार्ड डिस्कवर घ्यावी, असा माझा आग्रह राहील. दोन वर्षे अजिबात वापर न झालेले खाते बंद करण्याचे गूगलचे धोरण आहे, त्यामुळे खात्याचा पासवर्ड आणि त्याला जोडलेला फोन क्रमांक घरातील आणखी एका व्यक्तीला ठाऊक असणे आवश्यक आहे.

नातीकडे आयफोन असेल, तर तिच्या फोनचा नियम वेगळा आहे हेही जाणून असावे. आयक्लाउड फोटोज ही ॲपलची ऑनलाइन साठवण चालू असताना आयफोनमधून पुसलेला फोटो त्या खात्याच्या सर्व उपकरणांवरून जातो. जागा वाचवायची तर तेथे मूळ फोटो आयक्लाउडमध्ये ठेवून फोनमध्ये लहान प्रती ठेवणारी ‘ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज’ ही सोय वापरतात.

प्रश्न : आमचा कोल्हापुरी चपलांचा घरगुती व्यवसाय आहे. कापशी, कुरुंदवाडी अशा प्रकारांतील नवे जोड तयार झाले की, मी फोनवर फोटो काढून ग्राहकांना पाठवते. गिऱ्हाइकाने ‘गेल्या दिवाळीचा तो वेणीचा जोड’ असे विचारले की, घरच्या फोटोंत तो शोधताना अर्धा तास जातो. दुसरा फोन घेणे परवडणारे नाही.
— एक व्यावसायिक, जवाहरनगर

उत्तर : दुसरा फोन घेण्याची गरज नाही. फोटो काढण्याच्या पद्धतीतच थोडा बदल करावा. प्रत्येक नव्या जोडाला क्रमांक द्यावा आणि पहिला फोटो काढताना त्या क्रमांकाची जाड अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी चपलेशेजारी ठेवावी. चिठ्ठीवर क्रमांकाखाली प्रकार, माप आणि महिना एवढेच लिहावे. पुढचे दोन-तीन फोटो चिठ्ठीशिवाय काढावेत आणि तेच ग्राहकाला पाठवावेत. अंगठा, पट्टा आणि वेणी यांचे जवळून काढलेले फोटो चिठ्ठीच्या फोटोच्या लगेच पाठोपाठ येतात, त्यामुळे गॅलरीत चिठ्ठी दिसली की पुढचे फोटो कोणत्या जोडाचे हे आपोआप कळते. गूगल फोटोज आणि आयफोन फोटोतील छापील अथवा स्पष्ट अक्षरे ओळखून शोध घेऊ देतात; इंग्रजी आकड्यांत ठळक लिहिलेला क्रमांक त्यांना सहज वाचता येतो, म्हणून चिठ्ठीवरील क्रमांक तसा लिहिणे सोयीचे पडेल.

यानंतर व्हॉट्सॲप बिझनेसमधील ‘कॅटलॉग’ वापरावा. त्यात ५०० पर्यंत वस्तू फोटो, किंमत आणि क्रमांकासह ठेवता येतात आणि ग्राहकाला गॅलरी न धुंडाळता थेट वस्तूच पाठवता येते. कॅटलॉगात गेलेल्या जोडाचे मूळ फोटो संगणकावर किंवा मेमरी कार्डवर काढून फोनमधून पुसले तरी चालेल. मागणीप्रमाणे बनवलेल्या जोडासाठी ग्राहक पायाचा आराखडा पाठवतात, तो मात्र त्या ग्राहकाच्या नावाने वेगळा जपावा. पुढच्या वर्षी तोच माणूस पुन्हा येतो.

प्रश्न : जागा मोकळी करून देणारी ‘क्लीनर’ ॲप्स वापरावीत का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, विद्यापीठ परिसर

उत्तर : वापरू नयेत. अशा ॲपना सर्व फाइली पाहण्याची आणि पुसण्याची परवानगी द्यावी लागते आणि एवढी परवानगी अनोळखी ॲपला देण्याचे कारण नाही. अँड्रॉइडसाठी गूगलचे ‘फाइल्स’ हे ॲप दुहेरी आणि मोठ्या फाइली दाखवते. आयफोनमध्ये आयओएस १६ पासून ‘डुप्लिकेट्स’ हा अल्बम फोनमध्येच आहे. आधार कार्डासारख्या कागदांचे फोटो गॅलरीत ठेवण्याऐवजी डिजिलॉकर वापरावे. सातबारा तर डिजिटल स्वाक्षरीसह संकेतस्थळावरून हवा तेव्हा काढता येतो, त्याचा तिरपा फोटो चार वर्षे सांभाळण्यात अर्थ नाही. गूगल फोटोजमधील ‘लॉक्ड फोल्डर’ या कुलूपबंद फोल्डरमध्ये काही ठेवले असल्यास, त्याचा बॅकअप चालू नसताना ॲप काढून टाकले तर ते कायमचे जाते.

प्रश्न : २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही महापुरांत आमच्या घरात पाणी आले. पहिल्या वेळी लग्नाचा अल्बम आणि फोटोंच्या सीडी भिजून गेल्या. दुसऱ्या वेळी पंचनाम्यासाठी फोटो काढले होते, पण ते व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर फोनमधून पुसले आणि नंतर विम्याच्या कामासाठी मूळ फोटो मागितल्यावर माझ्याकडे काही नव्हते. आता सर्व फोटो एका पेन ड्राइव्हवर ठेवले आहेत. एवढे पुरेसे आहे का?
— एक शेतकरी, शिरोळ तालुका

उत्तर : पुरेसे नाही. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या तालुक्यात तर मुळीच नाही. पेन ड्राइव्ह हा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी फोटो नेण्यासाठी चांगला आहे. वर्षानुवर्षे न जोडता कपाटात ठेवल्यास त्यातील माहिती टिकेलच याची हमी नसते. छायाचित्रकारांमध्ये यासाठी एक जुना दंडक आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक प्रत घराबाहेर. तुमच्या बाबतीत फोनमधील प्रत, हार्ड डिस्कवरील प्रत आणि गूगल किंवा तत्सम खात्यातील प्रत असे तीन भाग होतील. हार्ड डिस्क घरातच ठेवणार असाल, तर ती पाण्यासोबत जाईल हे तुम्हाला मी सांगायला नको. ती पुण्यात किंवा कोल्हापुरात उंचावरच्या भागात राहणाऱ्या मुलाकडे वा बहिणीकडे ठेवावी आणि दिवाळीला व मे महिन्यात गाठ पडेल तेव्हा तिच्यावर नवे फोटो चढवावेत. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. नदी इशारा पातळीकडे निघाली की, जनावरे आणि धान्य हलवताना डिस्कची आठवण राहत नाही, म्हणून ती मुळातच दुसऱ्या गावी असलेली बरी.

व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोंविषयी जे झाले ते अनेकांच्या बाबतीत होते. फोटोच्या फाइलमध्ये चित्राबरोबर तो काढल्याची तारीख, वेळ, कॅमेरा आणि परवानगी असेल तर अक्षांश-रेखांश यांची नोंद असते. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की, तो लहान होतो आणि ही नोंद गळून पडते. ‘एचडी’ निवडल्यास चित्र अधिक स्पष्ट जाते, पण नोंद मिळवण्यासाठी तो उपाय नव्हे. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास मूळ फाइल जशीच्या तशी जाते. नुकसानीचा फोटो कोणालाही पाठवायचा असेल, तर तो असाच पाठवावा, आणि मूळ फोटो दाव्याचा शेवटचा पैसा हाती येईपर्यंत फोनमधून काढू नये.

पुढे कधी वेळ आलीच, तर पाणी ओसरू लागताना भिंतीवर उमटलेली चिखलाची रेघ आधी टिपावी, कारण साफसफाईत सर्वांत आधी तीच जाते. प्रथम दूरून असा फोटो घ्यावा की, ज्यात घराचा दरवाजा, घरक्रमांकाची पाटी किंवा विजेचा मीटर आणि ती रेघ एकत्र दिसेल. नंतर जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. वाहन असेल तर नंबरप्लेट आणि आतील पाण्याची पातळी, मोटारपंप असेल तर त्यावरील कंपनीची पट्टी आणि अनुक्रमांक. पिकाच्या फोटोत बांधावरची एखादी न बदलणारी खूण, झाड किंवा विहीर, यावी. फोटोवरच तारीख आणि ठिकाण छापणारी ॲप्स शासकीय कर्मचारीही वापरतात आणि ती उपयोगी आहेत, परंतु त्यासोबत साध्या कॅमेऱ्यानेही तोच फोटो काढून ठेवावा. या फोटोंवर बाण काढणे, गोल करणे, उजेड वाढवणे असे काहीही मूळ फाइलवर करू नये. करायचेच तर प्रत काढून तिच्यावर करावे. हे सर्व फोटो ‘पूर’ आणि वर्ष अशा नावाच्या एका अल्बममध्ये त्याच रात्री टाकावेत. वीज नसेल, नेटवर्क नसेल, हे गृहीत धरून फोनला पेन ड्राइव्ह जोडणारी ओटीजीची छोटी जोडणी आणि रिकामा पेन ड्राइव्ह पावसाळ्यात कागदपत्रांच्या पिशवीत ठेवावा. या कामाला तुमचा पेन ड्राइव्ह अगदी योग्य आहे.

प्रश्न : आमच्या वाड्यातील जुन्या अल्बममधले फोटो मी मोबाइलने काढून घेतले. परंतु गॅलरीत आजोबांच्या तरुणपणाचे फोटो गेल्या महिन्यातील वाढदिवसाच्या फोटोंशेजारी दिसतात. शिवाय कुटुंबाच्या गटावर आलेल्या जुन्या फोटोंच्या तारखाही चुकीच्या आहेत. हे दुरुस्त कसे करावे?
— एक गृहिणी, गडहिंग्लज

उत्तर : मोबाइलने काढलेल्या फोटोवर आजची तारीख पडणारच, कारण फोनच्या दृष्टीने तो आजच काढला आहे. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोच्या फाइलच्या नावात तारखेचे आठ आकडे असतात आणि त्यापुढे व्हॉट्सॲपची ‘डब्ल्यूए’ ही अक्षरे; ती तारीख फोटो काढल्याची नसून व्हॉट्सॲपवर मिळाल्याची असते. गूगल फोटोजमध्ये फोटोच्या माहितीच्या भागात तारीख बदलता येते आणि संगणकावर उघडल्यास अनेक फोटो एकदम निवडूनही बदलता येते. आयफोनवर तारखेशेजारी ‘ॲडजस्ट’ असा पर्याय आहे. वर्ष नेमके माहीत नसेल, तर अंदाजाचे वर्ष आणि १ जानेवारी अशी तारीख घालण्याचा नेम ठेवावा. पुढे १ जानेवारी दिसली की, तारीख अंदाजाची आहे हे घरातील सर्वांना कळेल.

या दुरुस्तीला एक मर्यादा आहे. गूगल फोटोजमध्ये बदललेली तारीख मूळ फाइलच्या आत लिहिली जातेच असे नाही, त्यामुळे तुम्ही सर्व फोटो उतरवून दुसरीकडे नेले, तर ही मेहनत मागे राहू शकते. म्हणून संगणकावर ठेवायच्या प्रतींच्या नावातच वर्ष घालावे. आधी वर्ष, मग महिना, मग प्रसंग आणि माणसे, उदाहरणार्थ ‘१९७२-०५ थोरल्या आत्यांचे लग्न’. वर्ष आधी आल्याने फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. आकडे देवनागरी घ्यावेत की इंग्रजी, हा ज्याच्या-त्याच्या आवडीचा भाग आहे. मिसळ केली तर क्रम बिघडतो.

फोटो पुन्हा काढणार असाल, तर गूगलचे ‘फोटोस्कॅन’ हे ॲप चार बाजूंनी फोटो टिपून चकाकी काढून टाकते, त्यामुळे प्लॅस्टिकखालच्या फोटोंना ते चांगले. मोजके महत्त्वाचे फोटो मात्र एखाद्या स्टुडिओत सपाट स्कॅनरवर करून घ्यावेत. आहे त्याच आकारात पुन्हा छापायचे तर ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) पुरते. पासपोर्ट आकाराचा फोटो मोठा करून लावायचा असेल तर ६०० किंवा त्याहून अधिक सांगावे. काळ्या कागदावर कोपऱ्यांत बसवलेले फोटो अलगद निघतात. चिकट पानांच्या अल्बममधील फोटो जोर लावून सोलू नयेत, पानासकट स्कॅन करावेत.

फोटोच्या मागे पेनने लिहिलेला मजकूर, स्टुडिओचा शिक्का, तारीख असे काही असल्यास त्या बाजूचाही फोटो लगेच पुढच्या क्रमांकाने घ्यावा. मजकूर नसेल तर गूगल फोटोजमधील वर्णनाच्या रकान्यात किंवा आयफोनच्या ‘कॅप्शन’मध्ये डावीकडून उजवीकडे माणसांची नावे लिहावीत, ती नंतर शोधात सापडतात. हे काम एकटीने करण्यापेक्षा घरातील वडीलधाऱ्या दोघींना एकत्र बसवून करावे, कारण एकीने सांगितलेले नाव दुसरी हमखास दुरुस्त करते. आणि तयार झालेले फोटो नातेवाइकांना पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवावेत. नाहीतर स्कॅनरवर मिळवलेला दर्जा गटावर पोहोचेपर्यंत निम्मा झालेला असतो.